अंघोळ झाली का?

आपल्या घरांत सकाळची पहिली विचारपूस चहाची नसते, अंघोळीची असते. "अंघोळ झाली का?" असे आजी नातवाला विचारते, सासू सुनेला विचारते, मंदिराच्या पायरीवर भेटलेली शेजारीणही सहज विचारून जाते. त्या विचारण्यात थोडी शिस्त असते, थोडी माया असते, आणि उत्तराची फारशी वाट कोणी पाहत नाही. हाच प्रश्न एखाद्याला किती खोल लागू शकतो, हे मी गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या आजारपणात पाहिले. हा लेख तिने वाचला आहे आणि छापायला संमती दिली आहे. नाव मात्र देऊ नये, एवढे तिचे सांगणे.

नागपूरच्या जुन्या वस्तीत ती आईवडिलांसोबत राहते. वय चौतीस. घरीच शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेत असे आणि गणित शिकवण्यात तिचा हातखंडा होता. आदल्या दिवाळीनंतर एकेक गोष्ट तिच्या हातून सुटत गेली. आधी मंदिर सुटले, मग शिकवण्या, मग फोन उचलणे. फेब्रुवारीत मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले, औषधे सुरू केली आणि आठवड्यातून एकदा समुपदेशनाला यावे असे सुचवले. तो दवाखाना कोणता, याला इथे महत्त्व नाही. एप्रिलच्या मध्यावर, पारा चव्वेचाळिशीकडे सरकत असताना, चौथ्या भेटीत समुपदेशक बाई तिला म्हणाल्या, "राग मानू नका, पण एक सांगते. तुम्ही जरा स्वच्छ राहायला हवं. रोज अंघोळ करायची, केस विंचरायचे, धुतलेले कपडे घालायचे. तुम्हालाही प्रसन्न वाटेल आणि समोर बसणाऱ्यालाही."

बाईंचा स्वर सौम्य होता, असे बहीण आजही सांगते. पण शेवटचे चार शब्द तिच्या डोक्यातून गेले नाहीत. त्याआधीच्या दोन भेटींत बाईंनी बोलता बोलता कूलरची झडप तिच्या दिशेने वळवल्याचे तिने पाहिले होते. तेव्हा तिला वाटले होते की आपल्याला उकडत असेल म्हणून त्यांनी तसे केले. आता तिला वेगळाच अर्थ लागला. घरी येऊन तिने कातडी लाल होईपर्यंत अंग साबणाने घासले, आणि पुढचे अकरा दिवस अंगाला पाणी लावले नाही. समुपदेशनाला ती परत गेली नाही. पंधरवड्यात औषधेही बंद झाली. मे महिना उजाडला तेव्हा ती दिवसाचे अठरा-अठरा तास अंथरुणावर होती. त्या सहा आठवड्यांत तिच्या मनात काय काय येऊन गेले, ते तिने मला पुढे सांगितले. ते इथे लिहिण्याजोगे नाही.

त्या बाईंचे नेमके काय चुकले, यावर आमच्या घरात बराच खल झाला. मामांचे म्हणणे, "खोटं काय सांगितलं त्यांनी?" आणि खरोखरच, त्यांच्या पाहण्यात काहीच चूक नव्हती. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाची तपासणी करतात तेव्हा नोंदीचा पहिला मथळा रुग्णाच्या बाह्यरूपाचा आणि वर्तनाचा असतो. कपडे ऋतूला साजेसे आहेत का, केस, नखे, दात कसे आहेत, अंगाला वास येतो का, नजर वर उठते का, हालचाली मंदावल्या आहेत का, हे सारे रुग्ण तोंड उघडण्यापूर्वीच टिपले जाते. हृदयरोगतज्ज्ञ नाडी पाहतात, तसेच हे पाहणे आहे. दोन महिन्यांपूर्वी नीटनेटकी राहणारी बाई आज विस्कटलेल्या केसांनी समोर बसली असेल, तर आजार वाढल्याची ती खूण असते. पुढच्या भेटीत तिने वेणी घातलेली दिसली, तर औषध लागू पडत असल्याची तीच पहिली खूण ठरते. कित्येकदा रुग्णाला स्वतःला बरे वाटू लागण्याआधी ही खूण समोरच्याला दिसते.

परंतु नोंदवहीत लिहिण्याची गोष्ट वेगळी आणि रुग्णाच्या तोंडावर उपदेश म्हणून बोलण्याची वेगळी. कावीळ झालेल्या माणसाला कोणी डॉक्टर "डोळे जरा पांढरे ठेवत जा" असे सांगत नाहीत. जे लक्षण आहे त्याला सवय मानले, की उपचाराच्या जागी शिकवण येते. ज्याचे मन आधीच "मी कोणाच्या कामाचा नाही, मी सर्वांना ओझे आहे" असे दिवसरात्र घोकत असते, त्याला त्या शिकवणीत पुरावा सापडतो. बहिणीच्या मनाने नेमके तेच केले. जे ती स्वतःला महिनोन्‌महिने सांगत होती, ते आता एका जाणकार, शिकलेल्या बाईंनीही सांगितले होते.

आपल्याला अंघोळ ही एक क्रिया वाटते, कारण आपण ती विचार न करता उरकतो. नैराश्याच्या रुग्णाला ती तशी दिसत नाही. अंथरुणातून उठायचे, कपाटातून कपडे निवडायचे, पंचा शोधायचा, बादली भरायची, अंगावरचे कपडे उतरवायचे, स्वतःचे शरीर पाहायचे, पाण्याचा पहिला तांब्या सोसायचा, साबण, मग केस, मग पुसणे, मग पुन्हा कपडे, ओले कपडे पिळून वाळत घालणे. प्रत्येक टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय घेण्याची शक्तीच या आजारात आधी आटते. शिवाय अंघोळीनंतर आपल्याला जी हुशारी वाटते, ती त्याला वाटत नाही, कारण सुख वाटण्याची क्षमता मंदावणे हे या आजाराच्या मुख्य लक्षणांपैकी एक आहे. पंधरा पायऱ्या चढून वर गेल्यावर हाती काहीच लागत नसेल, तर दुसऱ्या दिवशी माणूस पहिल्या पायरीशीच थांबतो.

"जेवायला तर येते, मग अंघोळीला काय होतं?" हा प्रश्न आमच्याकडे रोज निघत असे. त्याचे उत्तर एका वेगळ्याच क्षेत्रात सापडते. अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वृद्ध व दीर्घ आजारी रुग्णांसाठी रोजच्या स्वावलंबनाची एक मोजपट्टी मांडली. तीत सहा कामे आहेत : अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण. त्यांच्या निरीक्षणात माणसाच्या हातून सर्वांत आधी सुटते ती अंघोळ आणि सर्वांत शेवटी सुटते ते जेवण. ती मोजपट्टी नैराश्यासाठी बनवलेली नाही, हे खरे. तरीही रोजच्या कामांतील सर्वांत अवघड काम कोणते, हे तिच्यावरून कळते, आणि मामांची समजूत शेवटी तिनेच पटली.

इथे उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक नैराश्यग्रस्त माणूस अस्वच्छ राहतो असे मुळीच नाही. इस्त्रीची साडी नेसून, केसांत गजरा माळून, वेळेवर कार्यालयात जाणाऱ्या कितीतरी बायका हा आजार आत बाळगून असतात, आणि "तुम्हाला पाहून तर तसं वाटत नाही" या वाक्याने त्यांचीही उपेक्षा होते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नैराश्यावरील काही औषधांनी घाम अधिक येतो, तर काहींनी तोंड कोरडे पडून श्वासाला दुर्गंधी येते. म्हणजे ज्या वासावरून माणसाला बोल लावला जातो, तो कधी कधी त्याने निमूटपणे घेतलेल्या गोळीचाच असू शकतो. तसे असेल तर औषध किंवा मात्रा बदलता येते. पण त्यासाठी कोणीतरी ते विचारायला हवे.

आता आपल्या घरांकडे वळते. अंघोळीवाचून स्वयंपाकघरात पाऊल नाही, अंघोळीवाचून देवदर्शन नाही, पूजेला तर धुतलेले वेगळे वस्त्र. या नियमांविषयी मला तक्रार नाही. मी स्वतः ते पाळते. परंतु अशा घरात ज्याची अंघोळ होत नाही, त्याचा दिवस उंबऱ्याबाहेरच राहतो, हे आपल्या लक्षात येत नाही. बहीण स्वयंपाकघरात येत नसे, म्हणून चुलीपाशी बसून होणाऱ्या गप्पांतून ती गळाली. मंदिरात जात नसे, म्हणून जिथे चार माणसे आपुलकीने विचारतात ती जागाही गेली. मामींनी तिला कधी अडवले नव्हते. तीच स्वतःहून दाराशी थांबत असे आणि ताट खोलीत मागत असे. आम्ही त्याला आळस म्हणत होतो.

एका नातेवाइकांनी तर एकदा सर्वांदेखत थट्टा केली, "हिला काय दीक्षा घ्यायची आहे का?" दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अस्नान आहे, अदंतधावनही आहे, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते, थट्टा त्यावरूनच होती. ती दोन्हींकडून चुकीची होती. मुनींचे अस्नान हा संपूर्ण शुद्धीत, गुरूंच्या साक्षीने, देहाची आसक्ती सोडण्यासाठी घेतलेला निर्णय असतो. माझ्या बहिणीजवळ निर्णय घेण्याची ताकदच उरली नव्हती. एकीकडे संकल्पाचे बळ आणि दुसरीकडे संकल्पच हरवलेला, या दोहोंना एका ओळीत बसवणे तपालाही कमीपणा आणणारे आहे आणि आजारालाही. मात्र त्या थट्टेतून एक विचार माझ्या मनात राहिला. ज्या समाजाने न न्हालेल्या देहापुढे शतकानुशतके मस्तक टेकवले, त्याला मळलेल्या देहाची एवढी किळस का यावी?

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी तिसरे अंग निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न वाटणे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात या अंगासाठी राजा उद्दायनाचे उदाहरण दिले आहे. व्याधीने सडलेल्या देहाचे मुनी आहाराला आले, आहारानंतर त्यांना वांती झाली, आणि राजा-राणीने नाक न मुरडता ती स्वतःच्या हातांनी स्वच्छ केली, ही कथा आपण पाठशाळेत ऐकलेली असते. ऐकताना ती फार प्राचीन वाटते. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर मुंबईचे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचे आहे. १९८८ मध्ये या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला रस्त्यावर एक मळकट, केस वाढलेला तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आणले, न्हाऊ-माखू घातले, उपचार केले, तेव्हा तो आंध्र प्रदेशातील चांगल्या घरातला शिकलेला मुलगा असल्याचे कळले. त्यातून 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली, पुढे कर्जतला तिचे पुनर्वसन केंद्र झाले, आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या तरुणाला आधी "स्वच्छ होऊन ये" असे सांगितले असते, तर तो कुठे गेला असता?

बहिणीची दुसरी समुपदेशक नवतप्याच्या दिवसांत मिळाली. मनोविकारतज्ज्ञांनीच, औषधे पुन्हा सुरू करताना, दुसरे नाव सुचवले. मी तिला घेऊन गेले ते जवळपास ओढतच. जाताना रिक्षात तिने ओढणी नाकापर्यंत गुंडाळून घेतली होती. उन्हासाठी असावी असे मला वाटले, पण ती स्वतःचा वास स्वतःपासून लपवत होती. तिच्याच विनंतीवरून पहिल्या भेटीत मी खोलीत बसले. या बाई वयाने लहान होत्या. अर्धा तास इतर बोलणे झाल्यावर बहीणच एकाएकी म्हणाली, "मी अंघोळ केलेली नाही. आधीच सांगून ठेवते."

बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं झालं. किती दिवस झाले, ते मी विचारत नाही. मला एवढंच सांगा, अंघोळीतला सगळ्यात जड भाग कोणता?"

हा प्रश्न आजवर तिला कोणीच विचारला नव्हता. आम्ही घरच्यांनीही नाही. ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "केस." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि सकाळ."

त्या दोन शब्दांतून पुढची तीन सत्रे निघाली. तिचे केस कंबरेपर्यंतचे. महिन्याभरात त्यांच्या जटा झाल्या होत्या आणि ते ओले करायच्या कल्पनेनेच ती मागे फिरत असे. "रोज केसांवरून पाणी घ्यायलाच हवं, असं कोणी सांगितलं?" एवढ्या एका प्रश्नाने ते ओझे निम्मे झाले. सकाळचा गुंता मात्र अस्सल नागपुरी होता. नैराश्य पुष्कळदा सकाळी सर्वांत गडद असते आणि दिवस चढतो तसे किंचित निवळते. रात्रभर झोप नाही, पहाटे कुठे डोळा लागायचा, आणि जाग यायची दहाला. आमच्याकडे मे महिन्यात नऊनंतर गच्चीवरच्या टाकीचे पाणी अंगावर घेववत नाही, चटका बसतो. दहाला उठणाऱ्या माणसाने अंघोळ करायची केव्हा? दुपारभर पाणी तापलेलेच. संध्याकाळी "आता कशाला?" असा घरच्यांचा सूर. आणि दिवस मावळल्यावर अंधारात पाणी सांडायचे नाही, जीव दिसत नाहीत, असा मामींचा वर्षानुवर्षांचा नेम. बाईंनी हे सारे शांतपणे, एकही नियम चूक न म्हणता, कागदावर लिहून घेतले. त्या जैन नव्हत्या. पाणी गाळण्याविषयी, सूर्यास्ताविषयी त्यांनी कुतूहलाने विचारले. कागद भरल्यावर त्यांनी तो आमच्यासमोर ठेवला. दिवसाच्या चोवीस तासांत तिच्या अंघोळीला एकही तास उरलेला नव्हता.

मग ठरले ते एवढेच. आठवड्यातून दोनदा, सूर्यास्तापूर्वी, केस न भिजवता अंघोळ. बाकीच्या दिवशी जमले तर ओल्या फडक्याने तोंड, मान, काखा पुसायच्या आणि कपडे बदलायचे. तेही नाही जमले तर फक्त कपडे बदलायचे. त्यातले काहीच झाले नाही, तर पुढच्या भेटीत कुठे अडले ते सांगायचे. स्टुलावर बसून अंघोळ केली तरी चालते, हेही त्यांनी सांगितले. ते ऐकून बहीण किती दिवसांनी हसली. केसांचा प्रश्न जूनमध्ये तिने स्वतःच सोडवला. ते खांद्यापर्यंत कापून आली.

मामींना हे सारे सांगताना मला धास्ती होती. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "काहून, मला नाही सांगितलं इतके दिवस?" दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे गार पाण्याची एक बादली भरून मोरीच्या सावलीत झाकून ठेवू लागल्या. संध्याकाळी पाच वाजता तेच पाणी दुहेरी फडक्यातून पुन्हा गाळून ठेवायच्या, कारण सकाळी गाळलेल्या पाण्याची मर्यादा केव्हाच संपलेली असे. अंघोळ कर, असे त्या म्हणत नसत. मोरीत पाणी आहे, एवढे सांगून त्या बाहेर जात.

मोठी कामे बाजूला ठेवून दिवसातले एखादे लहानसे काम ठरवायचे, मन तयार होण्याची वाट न पाहता ते करायचे, आणि अडले तर अडण्याचे कारण शोधायचे, ही मुळात एक शास्त्रीय उपचारपद्धती आहे. तिचा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारीच, गोव्यात झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. थोड्या काळाचे प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भातही असे काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला. तो सुरू होण्यापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कोणाकडे तरी मदतीसाठी जात होते. नंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे त्यानंतरही चारांतले तीन जण घरीच राहिले. देशाच्या २०१५-१६ च्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे दर वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते. इतक्या कष्टाने दारापर्यंत आलेला माणूस एका वाक्याने परत जात असेल, तर त्या वाक्याची किंमत फार मोठी आहे.

स्वच्छता आणि मनोरुग्ण यांचे नाते नागपूरला नवे नाही. छिंदवाडा रस्त्यावरील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ मध्ये सुरू झाले. त्या बाजूच्या चौकाला शहर अजूनही पागलखाना चौक म्हणते, आणि आपण रिक्षावाल्याला ते नाव बिनदिक्कत सांगतो. जुन्या काळी देशभरच्या अशा संस्थांत स्वच्छतेच्या नावाखाली रुग्णांचे सरसकट मुंडण होई, सर्वांना एकसारखे कपडे चढवले जात. उवा होऊ नयेत हे कारण दिले जाई. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो मे २०१८ पासून लागू झाला, त्याने हे चित्र कागदावर तरी उलटे केले. त्याच्या विसाव्या कलमात रुग्णाला सन्मानाने जगण्याचा हक्क दिला आहे. त्यात स्वच्छ परिसर आहे, शौचालयाची सोय आहे, खासगीपणा आहे, अंग झाकणारे कपडे आहेत, वैयक्तिक स्वच्छतेच्या वस्तू आहेत, पाळीच्या दिवसांत स्त्रियांना लागणाऱ्या वस्तूंचा तर वेगळा उल्लेख आहे. सक्तीने मुंडण करण्यास मनाई आहे, आणि इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालण्याची मुभा आहे. मला यात महत्त्वाचे वाटले ते शब्दांचे वळण. संपूर्ण कलमात रुग्णाने स्वच्छ राहावे असे कुठेही म्हटलेले नाही. त्याला स्वच्छ राहता येईल अशी सोय इतरांनी करावी, असे म्हटले आहे.

मग समुपदेशकांनी हा विषय काढूच नये का? बहिणीला मी हे विचारले. तिचे उत्तर मला अनपेक्षित होते. ती म्हणाली, "ताई, न बोलणारे तर घरभर होते. मी खोलीत आले की खिडकी उघडायचे, आणि कोणी काही बोलायचं नाही. ते जास्त वाईट होतं. पहिल्या बाई निदान बोलल्या तरी. पण बोलल्या आणि विषय संपवला. दुसऱ्या बाईंनी तिथून सुरू केला." भाषासमितीविषयी आपण हित, मित आणि प्रिय असे तीन शब्द ऐकतो. पहिल्या बाईंचे बोलणे मित होते, प्रिय म्हणावे इतके सौम्यही होते. ते हिताचे होण्यासाठी त्यापुढे एक प्रश्न हवा होता.

असे काही बोल कोणाला लागले असतील, तर उपचार सोडू नयेत. शक्य असेल तर पुढच्या भेटीत तेच सांगावे की त्या दिवशीचे बोलणे मला लागले. चांगला समुपदेशक ते ऐकून घेतो, आणि तिथून नाते अधिक घट्ट होऊ शकते. तोंडाने सांगणे जमत नसेल तर चिठ्ठी लिहून द्यावी. तेही जमत नसेल तर समुपदेशक बदलावा. त्यात गैर काही नाही. औषधे मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. घरच्यांनी एक ओळखावे : अंघोळ सुटण्यासोबत खाणेपिणेही सुटत चालले असेल, माणूस दिवस-दिवस अंथरुणातून उठत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, बोलणे विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येते.

बहीण आता बरीच सावरली आहे. पूर्ण नव्हे. संध्याकाळच्या दोन शिकवण्या तिने पुन्हा सुरू केल्या आहेत. गेल्या पर्युषणात ती उत्तम शौचाच्या दिवशी मंदिरात आली आणि प्रवचनाला मागच्या खांबाशी बसली. शौच म्हणजे देहाची स्वच्छता नव्हे, लोभापासून मनाची शुद्धी, असे पंडितजी समजावत होते. तेव्हा तिने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. यंदा पुन्हा उन्हाळा सुरू झाला तशी मामींची बादलीही मोरीत आली आहे. ज्या दिवशी ती तशीच भरलेली राहते, त्या दिवशी मामी ते पाणी अंगणातल्या मोगऱ्याला घालतात आणि काही विचारत नाहीत. परवा मी गेले तेव्हा मोगरा जरा सुकलेला होता. मामी म्हणाल्या, "त्याला पाणीच उरून नाही राहिलं."